नवी ट्रेल स्नोमोबाइल घेण्याआधी ती चालवून कशी पाहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओंटारियोत राहतो. फेब्रुवारी उजाडला की टोरोंटो परिसरातल्या मराठी मित्रांचे फोन सुरू होतात: "शनिवारी डेमोला जातोय, काय काय बघू?" दरवर्षी तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. स्नोमोबाइलला, म्हणजे पुढे दोन स्की आणि खाली फिरणारा रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या वाहनाला, इथे सगळे स्लेडच म्हणतात, त्यामुळे मीही पुढे तोच शब्द वापरला आहे. डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फात चालवायच्या स्लेड वेगळ्या असतात, त्यांचा विचार इथे केलेला नाही. क्लबांनी आखलेल्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर चालवायच्या स्लेडबद्दलच मी बोलतो आहे.

डेमो राइड कधी असते आणि ती एवढी महत्त्वाची का?

पुढच्या हिवाळ्याची मॉडेल्स कंपन्या या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दाखवतात. त्याच सुमारास डीलर ट्रेलरवर स्लेड घालून एखाद्या ट्रेलच्या तोंडाशी आणतात आणि लोकांना चालवायला देतात. नोंदणीही तेव्हाच सुरू होते. वसंत ऋतूत अनामत भरायची आणि यंत्र हातात येणार पुढचा हिवाळा तोंडावर आल्यावर. इंजिन, शॉक (धक्के शोषणारा भाग) आणि ट्रॅक (खालचा रबरी पट्टा) यांच्या काही जोड्या फक्त वसंतातल्या नोंदणीतच मिळतात, नंतर शोरूममध्ये त्या दिसत नाहीत. म्हणजे मोटारीसारखं "आज चालवली, आवडली, उद्या घरी आणली" असं इथे होत नाही. डेमोच्या वीस मिनिटांत जे कळलं त्याच्या भरवशावर मोठी रक्कम अडकवायची आणि सात-आठ महिने थांबायचं. म्हणून ती वीस मिनिटं वाया घालवू नका.

कोणती कागदपत्रं लागतात?

ओंटारियोत ट्रेलवर चालवायला वैध ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्नोमोबाइलचं वेगळं लायसन्स लागतं. हेल्मेट सक्तीचं आहे. स्वतःची स्लेड असेल तर वाहनाची नोंदणी, विमा आणि स्नोमोबाइल क्लबांच्या प्रांतिक महासंघाचा ट्रेल परमिट हे तिन्ही लागतं. डेमोच्या वेळी हे बहुधा डीलर बघतो, तरी आधी फोन करून विचारा. वेगळी खूण नसेल तर ट्रेलवर वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर आहे आणि डेमोलाही ती लागू असते. दारू पिऊन चालवलीत तर मोटारीचाच कायदा लागतो आणि मोटारीचं लायसन्सही जातं.

सहीसाठी पुढे येणारा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. नुकसान झालं तर भरपाई कोणाची, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या एका मित्राच्या हातून डेमोच्या स्लेडची स्की बर्फाखाली दडलेल्या बुंध्यावर आदळली आणि पुढचा आर्म वाकला. दुरुस्तीचा खर्च त्याच्याच माथी आला, कारण कागदावर तसंच लिहिलेलं होतं आणि त्याने ते वाचलेलं नव्हतं.

गुलमर्गला किंवा सोलांगला चालवली आहे. तो अनुभव कामाला येतो का?

बर्फावर यंत्र सरकतं तेव्हा पोटात जे होतं, त्याची ओळख झालेली असते, एवढा फायदा नक्की आहे. पण तिथे बहुतेकांच्या मागे चालक बसलेला असतो, फेरी लहान असते आणि वेग बेताचा. शिवाय गुलमर्ग सुमारे 2650 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उतरते. तिथे जी स्लेड जेमतेम ओढत होती तिचंच इंजिन इथल्या सखल प्रदेशात अंगावर येऊ शकतं. म्हणून स्वतःला नवशिके समजूनच या, आणि डेमोला जाण्याआधी एक दिवस भाड्याची स्लेड चालवा. थ्रॉटल उजव्या अंगठ्यावर असतो, मनगटावर नाही. मोटारसायकल चालवणाऱ्यांना ही सवय लागायला अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास डेमोत खर्च करणं महाग पडतं.

सध्या कोणत्या कंपन्यांमध्ये निवड आहे?

क्यूबेकमधल्या व्हॅलकोर्टची स्की-डू, मिनेसोटातल्या रोझोची पोलारिस आणि मिनेसोटातल्याच थीफ रिव्हर फॉल्सची आर्क्टिक कॅट. फिनलंडची लिंक्स ही स्की-डूच्याच घरातली. यामाहाने 2023 मध्ये या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं आणि 2025 च्या मॉडेलनंतर उत्तर अमेरिकेत तिच्या नव्या स्लेड नाहीत. आर्क्टिक कॅटची मालकी 2025 मध्ये बदलली, म्हणून तिथे डीलरला सुटे भाग आणि वॉरंटीबद्दल स्पष्ट विचारा.

या धंद्याची सुरुवात मला फार जवळची वाटते. व्हॅलकोर्टच्या जोझेफ-आर्मांद बोंबार्दिए यांचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात गेला. रस्ते बर्फाने बंद होते आणि त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या मागे ते त्याआधीपासूनच लागले होते. 1937 च्या सुमारास त्यांची सात माणसांची बर्फगाडी विकायला आली आणि 1959 मध्ये एका-दोघांची स्की-डू. आज आपण हौसेने चालवतो त्या यंत्राच्या मुळाशी वाट बंद झालेल्या गावांची गरज आहे. पोलारिस 1954 मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन यांनी पुढे बाहेर पडून आर्क्टिक कॅट काढली. मिनेसोटाच्या या दोन शेजाऱ्यांची स्पर्धा तेव्हापासूनची आहे.

600 घ्यावी की 850?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. 600 आणि 850 हे इंजिनाचे सीसी. आकड्यांत सांगायचं तर स्की-डूचं 600 आर इंजिन सुमारे 125 हॉर्सपॉवरचं आणि 850 सुमारे 165 चं. चाळीस हॉर्सपॉवरचा फरक कागदावर मोठा दिसतो आणि मोकळ्या तळ्यावर तो जाणवतोही. पण ओंटारियोतल्या झाडीतल्या वळणावळणाच्या ट्रेलवर, 50 च्या मर्यादेत, 600 चा अंगठासुद्धा पूर्ण दाबायची वेळ क्वचित येते. माझं मत सांगतो: पहिली किंवा दुसरी स्लेड असेल तर 600 किंवा 650 घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या शॉकवर घाला. तुमचं वजन शंभर किलोच्या वर असेल, मागे नेहमी कोणी बसणार असेल किंवा क्यूबेकच्या उत्तरेला लांब सरळ ट्रेलवर जाणार असाल, तर 850 ला अर्थ आहे.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

आर एक्स 100 किंवा कायनेटिक होंडा चालवलेल्या पिढीला टू-स्ट्रोक समजावून सांगावं लागत नाही. खरं तर कायनेटिक होंडा हे स्लेडच्या यंत्रणेचं छोटं रूपच होतं: टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, दोन पुली आणि मधे बेल्ट. स्लेडमध्येही दोन क्लच आणि एक बेल्ट असतो, वेगाप्रमाणे पुलींचा व्यास बदलत जातो.

फरक मात्र मोठा आहे. आजच्या टू-स्ट्रोक इंजिनांत इंधन इंजेक्टरने सोडलं जातं, काहींत थेट सिलिंडरमध्ये, त्यामुळे जुना निळा धूर फारसा उरलेला नाही. ती हलकी असतात, नाक हलकं राहतं, वळणात स्लेड अंगाखाली खेळते. तेलाची टाकी मात्र अधूनमधून भरावी लागते. रिव्हर्सची गंमत डेमोत मुद्दाम बघा: बहुतेक टू-स्ट्रोक स्लेडमध्ये बटण दाबलं की इंजिन क्षणभर मंदावतं आणि उलट्या दिशेने फिरू लागतं, वेगळा गिअर पडत नाही.

फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोलला बरी आणि लांब पल्ल्याला सुखाची. तिचं वजन पुढे जास्त असतं. अंगठा सोडला की इंजिन जोरात आवरतं, भार स्कीवर येतो आणि वळणात नाक आत ओढलं जातं. काहींना हा भक्कमपणा आवडतो, काहींचे खांदे त्याने भरून येतात. वाचून याचा निकाल लागत नाही. एकाच दिवशी दोन्ही चालवा.

ट्रॅक 129 इंच घ्यावा की 137?

स्लेडच्या खाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची ही लांबी. ट्रेल स्लेडमध्ये हीच दोन मापं सर्वांत जास्त चालतात आणि रुंदी साधारण 15 इंच असते. आठ इंचांनी असा काय फरक पडतो? ट्रेलवर दुपारपर्यंत लाटा उठतात, त्यांना इथे मोगल म्हणतात. लांब पट्टा एका लाटेच्या माथ्यावरून दुसरीवर टेकतो, आखूड पट्टा मधल्या खळग्यात उतरतो. एसटीच्या मागच्या सीटवर बसून खराब रस्त्याने कोकणात उतरलेल्यांना तो धक्का ओळखीचा आहे. उलट 129 ची स्लेड वळणात चटकन फिरते, झाडांमधून नेताना जास्त मजा देते. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर करणाऱ्याला मी 137 सांगतो. संध्याकाळी दोन तास गावाजवळ फिरणाऱ्याला 129 पुरते.

पट्ट्यावरच्या रबरी दातांची उंचीही विचारा. दाबलेल्या ट्रेलला सव्वा इंच पुरेसे होतात. दीड इंचाचे दात ताज्या बर्फात जास्त पकडतात.

दोन स्लेडची तुलना खरीखुरी न्याय्य कशी करायची?

या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. सकाळी पहिली चालवलेली स्लेड नेहमीच चांगली वाटते. ट्रेल सपाट करणारी यंत्रं बहुधा रात्री फिरतात, रात्रभरच्या थंडीत बर्फ घट्ट बसतो आणि सकाळी नऊला ट्रेल गालिच्यासारखी असते. त्याच ट्रेलवरून शनिवारी शे-दीडशे स्लेड गेल्या की दुपारी दोनला तीच वाट नांगरलेल्या शेतासारखी होते. सकाळी स्की-डू आणि दुपारी पोलारिस चालवून "पोलारिस आदळते" म्हणणाऱ्याने स्लेडची नव्हे, ट्रेलची परीक्षा केलेली असते.

माझी पहिली नवी स्लेड मी अशीच घेतली. सकाळची एक फेरी, सपाट ट्रेल, 850 इंजिन, आखूड पट्टा. त्या दिवशी तिच्याइतकं सुंदर काही नव्हतं. जानेवारीत हॅलिबर्टनच्या तुडवलेल्या ट्रेलवर चौथ्या तासाला मनगटं वळेनाशी झाली. दोन हिवाळे मी ती ओढली आणि तोट्यात विकली. यंत्रात दोष नव्हता. मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

आता मी असं करतो. डेमोला दुपारची वेळ मागतो. दोन स्लेड मनात असतील तर पहिली, मग दुसरी, आणि जमलं तर पुन्हा पहिली. ही तिसरी फेरी फार मोलाची आहे. पहिल्या फेरीत अंग आखडलेलं असतं, ट्रेल अनोळखी असते, आणि त्याचं खापर त्या स्लेडवर फुटतं. परत बसल्यावर खरं कळतं. जोडीला मित्र असेल तर अर्ध्या वाटेवर स्लेडची अदलाबदल करा. एकच वळण, एकच लाटांचा पट्टा, एकाच दहा मिनिटांत दोघांनी दोन्ही यंत्रांवर अनुभवायचा. याच्याइतकी चांगली तुलना दुसरी नाही.

उतरल्याबरोबर, कॉफी घेण्याआधी, चार ओळी लिहा. "छान होती" असं नको. वळणात आतली स्की उचलली गेली का? ब्रेक दाबल्यावर मागचा भाग सरळ राहिला का? उभं राहून चालवताना हँडल मांड्यांना लागलं का? बसल्याचं उभं राहायला किती कष्ट पडले? अंगठा दमला का? मोबाइलवर बोलून ठेवलं तरी चालेल. तिसऱ्या स्लेडनंतर पहिलीची आठवण पुसट होते, आणि मग शेवटी रंग आणि स्क्रीनचा आकार बघून निर्णय होतो.

सस्पेन्शन डेमोत लावून घ्यावं का?

लावून घ्याच. तुमच्या आधी त्या स्लेडवर साठ किलोचा मुलगा बसला असेल किंवा एकशेवीस किलोचा गडी. मागच्या स्प्रिंगचा ताण त्याच्यासाठी ठेवलेला असेल तर तुम्ही जे अनुभवाल ते तुमचं नव्हे. निघण्याआधी डीलरच्या माणसाला वजन सांगा, कपड्यांसकट. मग स्लेडवर बसा आणि मागचा भाग किती दबतो ते कोणाला तरी बघायला सांगा. अजिबात दबला नाही तर फार कडक, बसताक्षणीच तळाला टेकत आला तर फार मऊ.

महागड्या मॉडेलांत शॉकवर हाताने फिरवायचा खटका असतो, काहींमध्ये हँडलवरच्या बटणाने शॉक मऊ-कडक होतात. ट्रेलचा एकच खराब तुकडा मऊ आणि कडक अशा दोन्हींवर करून बघा. फरक कळला नाही, तर त्या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नका. अनेकांना तो कळत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

सरळ जाताना स्की डावी-उजवीकडे ओढली जाते. ही स्लेड बाद करावी का?

नको. आधीच्या स्लेडनी बर्फात खोबणी पाडलेल्या असतात आणि स्कीखालचं कार्बाइडचं पातं त्यांत अडकतं. पातं बदललं, दुहेरी प्रकारचं लावलं किंवा स्कींची जुळणी नीट केली की बहुतेक वेळा हा त्रास जातो. पुढच्या भागाचा भार कमी-जास्त करणारा वादीसारखा बारीक पट्टाही मागच्या सस्पेन्शनमध्ये असतो. तो आवळला की स्कीवर भार वाढतो, सैल केला की कमी होतो. थोडक्यात, जे पान्याने बदलता येतं त्यावरून स्लेड नापास करू नका. बसण्याची ठेवण, वजनाचा तोल, इंजिनाचा स्वभाव या गोष्टी पान्याने बदलत नाहीत. गुण त्यांनाच द्या.

माहितीपत्रकातल्या वजनावर विश्वास ठेवावा का?

तो आकडा बहुधा कोरडा असतो, म्हणजे पेट्रोल, तेल आणि कूलंटशिवायचा. 36 लिटरची टाकी भरली की पेट्रोलचंच वजन सुमारे 27 किलो होतं. त्यामुळे दोन कंपन्यांचे कोरडे आकडे एकमेकांशी ताडून पाच किलोवरून वाद घालू नका. त्यापेक्षा बंद स्लेडचा मागचा दांडा धरून तिला थोडी बाजूला उचलून सरकवा. ट्रेलबाहेर रुतली की हेच करायचं आहे.

थंडीपासून बचावाची परीक्षा कशी घ्यायची?

स्वतःचं हेल्मेट, स्वतःचे बूट, स्वतःचे हातमोजे घालून जा. उसन्या हेल्मेटमधून वारा शिरला तर दोष काचेला देऊन बसाल. वाऱ्याची काच ट्रेल मॉडेलांत अनेकदा आखूड असते. उणे वीसमध्ये छातीवर वारा झेलत तासभर बसणं आणि शोरूममध्ये त्या काचेचं रूप आवडणं यात अंतर आहे. हँडलचं आणि अंगठ्याचं हीटर निघाल्याबरोबर चालू करा, किती वेळात गरम होतं बघा, आणि जाड मोज्यांनी त्याचं बटण दाबता येतं का तेही बघा.

विजेवरची स्लेड बघावी का?

बघायला हरकत नाही, चालवायला तर मजाच येते. आवाज जवळपास नाही आणि ओढ तत्काळ. पण स्की-डूची विजेवरची ग्रँड टूरिंग एका चार्जमध्ये सुमारे 50 किलोमीटर जाते असं कंपनीच सांगते. एका दिवसात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्यांसाठी ती नाही. कॉटेजभोवती फिरायला आहे.

आम्ही दोघं जाणार आहोत. मागे बसणाऱ्याने डेमोला यावं का?

यायलाच हवं. ट्रेल स्लेडची सीट बहुतेक वेळा एकट्याची असते. मागची सीट जोडता येते, पण तिच्यावर बसणाऱ्याचा भार थेट मागच्या टोकावर पडतो आणि पुढच्या स्की हलक्या होतात. एका ओळखीच्या जोडप्याने अशी जोडसीट घेतली होती. दुसऱ्या फेरीनंतर वहिनी पुन्हा मागे बसल्या नाहीत. त्यांनी सरळ स्वतःचं लायसन्स काढलं आणि आता त्यांची वेगळी 600 आहे. नेहमी दोघं असाल तर दोघांसाठी बनवलेलं टूरिंग मॉडेलच चालवून बघा, आणि मागे बसणाऱ्याचं मत तुमच्या मताच्या बरोबरीचं धरा. पाठ त्यांची आहे.

डेमोच्या रांगेत चालवताना काय सांभाळायचं?

उजवी बाजू सोडू नका, विशेषतः आंधळ्या वळणावर. पुढच्याने दाखवलेली हाताची खूण मागच्याला दाखवा. समोरून येणारा किती स्लेड मागे आहेत ते बोटांनी सांगतो आणि शेवटचा बंद मूठ दाखवतो. इंजिन बंद करणारी दोरी जॅकेटला अडकवल्याशिवाय निघू नका. आणि आखलेली ट्रेल सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात शिरू नका. यांतल्या कित्येक ट्रेल खासगी जमिनीतून जातात. क्लबच्या स्वयंसेवकांनी शेतकऱ्यांकडे शब्द टाकून ती वाट मिळवलेली असते. एका माणसाने शेत तुडवलं की पुढच्या वर्षी त्या वाटेवर दोर बांधलेला दिसतो.

बर्फच पडला नाही आणि डेमो रद्द झाला तर?

अलीकडे हे घडतं. 2023-24 चा हिवाळा इतका उबदार गेला की दक्षिणेकडच्या अनेक ट्रेल धड उघडल्याच नाहीत. कमी बर्फात हट्टाने चालवूही नये. रबरी पट्ट्याच्या आतल्या, त्याला टेकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बर्फाच्या ओलाव्यावरच सरकतात आणि इंजिनाचं पाणीही उडणाऱ्या बर्फानेच थंड होतं. कठीण बर्फावर किंवा उघड्या जमिनीवर दोन्ही तापतात.

अशा वेळी उत्तरेकडे, सडबरी किंवा कॉक्रेनच्या बाजूला, भाड्याने त्याच मॉडेलची चालू वर्षाची स्लेड मिळते का ते बघा. एका दिवसाचं भाडं बरंच असतं, पण अख्खा दिवस मिळतो, आणि त्यात सकाळ आणि दुपार दोन्ही येतात. तेही जमलं नाही तर शोरूममध्ये पूर्ण कपडे चढवून स्लेडवर पंधरा मिनिटं नुसते बसा, उभे राहा, पुन्हा बसा. गुडघे, मनगटं आणि पाठ जे सांगतील ते लिहून ठेवा आणि अनामत पुढच्या आठवड्यावर ढकला.